बापूसाहेबांचं कपाट

बापूसाहेब पुलावर उभे होते आणि पूल नदीच्या मध्यावरच संपला होता. हातात छत्री, डोक्यावर पालथ्या वाटीसारखी टोपी, आणि चेहरा असा, की जणू पूल अर्धवट आहे हे त्यांना आत्ताच कुणीतरी सांगितलंय. पलीकडच्या काठावर एक घर आणि त्या घरावर बसलेला, घराहून मोठा पक्षी. हे सगळं काळ्याभोर चकचकीत कपाटाच्या डाव्या दारावर, सोनेरी रंगात रंगवलेलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खो खो हसलो होतो, आणि फ्राउ ब्रेमरना ते आवडलं नव्हतं.

फ्राउ ब्रेमर आमच्या घरमालकीणबाई. जर्मनीत बाड हॉम्बुर्गला त्यांच्या जुन्या घरात खाली त्या राहायच्या आणि वर आम्ही, म्हणजे मी, अरुंधती आणि आमची ओवी. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. हॅम्बुर्गला बहिणीचा मुलगा, यॉर्ग, तो ख्रिसमसला यायचा. भाड्याच्या करारावर सह्या करायला म्हणून त्यांनी आम्हाला खाली बोलावलं, आणि त्यांच्या दिवाणखान्यात ते कपाट समोर आलं. नक्षीदार, सोनेरी पायांच्या घडवंचीवर ठेवलेलं, दोन दारांचं. दारं उघडली की आत लहान लहान खण, आणि प्रत्येक खणावर पुन्हा फुलं, पक्षी, पूल, छत्र्या.

"चिनी आहे का?" मी हसू आवरत विचारलं.

"नाही. इंग्रजी आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या बड्या लोकांना चिनी आणि जपानी लाखकामाचं वेड लागलं होतं. खरा माल जहाजातून यायचा तो थोडा आणि महाग. मग इंग्लंडातल्या कारागिरांनी तसलीच कपाटं आपल्याकडे करायला घेतली. ज्याने हे रंगवलं त्याने चीन पाहिला नव्हता, चिनी माणूसही बहुतेक पाहिला नव्हता. ऐकीव गोष्टींवर त्याने अख्खा देश रंगवून टाकला. या गावच्या राजवाड्यात पूर्वी एक इंग्रज राजकन्या सून म्हणून आली होती, पण तिचा आणि कपाटाचा काही संबंध नाही, हेही बाईंनी न विचारता सांगितलं. त्यांच्या आजीने ते कुठल्याशा लिलावात घेतलं होतं.

"म्हणजे डुप्लिकेट माल," मी मराठीत पुटपुटलो. अरुंधतीने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा अर्धा तास मी नुसतं "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, करत बसलो.

वर आल्यावर ती म्हणाली, "चारू, तीनशे वर्षं टिकलेल्या वस्तूला डुप्लिकेट म्हणत नाहीत."

तिथून सुरुवात झाली. बाईंचा हात थरथरायला लागला होता आणि त्या कपाटाला ओलं फडकं चालत नाही. पाण्याचा थेंब पडला तरी पांढरा डाग उठतो. शेळीच्या केसांचा एक मऊ ब्रश होता, त्यानेच धूळ झटकायची, तीही वरून खाली, उठावाच्या चित्रांवर अडखळू न देता. अरुंधतीने एकदा "मी करू का?" म्हटलं आणि मग दर शनिवारी दुपारची जेवणं झाली की ती खाली जायला लागली. आधी धूळ, मग कॉफी, मग गप्पा. माझी बायको मूळची सांगलीची. तिला गप्पांना विषय लागत नाही, माणूस लागतो.

बापूसाहेब हे नाव तिनेच ठेवलं. सांगलीत तिच्या माहेरच्या चाळीजवळ एक बापूसाहेब होते, ते म्हणे ऊन असो पाऊस असो छत्री घेऊन कोपऱ्यावर उभे असायचे, कुठे निघालेत ते कुणालाच ठाऊक नसायचं. बाईंना ही गोष्ट इतकी आवडली की त्याही "बापूसाप" म्हणायला लागल्या. लहानपणी त्यांना त्या कपाटाला हात लावायची बंदी होती. दारावरची माणसं कोण, कुठे चाललीत, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. अरुंधतीने दर शनिवारी एकेका खणाची गोष्ट रचली. मोठा पक्षी ही बापूसाहेबांची सासू झाली. गणिताच्या बाई हसून हसून डोळे पुसायच्या, ते मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं.

मग अरुंधतीने कुठेतरी वाचलं आणि धावत वर आली. चीनमधल्या झाडाचा चीक इंग्रजांना मिळत नव्हता, म्हणून त्यांनी लाख वापरली. आपल्याकडची लाख, झाडांवरच्या किड्यांची, ती स्पिरिटमध्ये विरघळवून थरावर थर दिले.

"चित्र चीनचं, हात इंग्रजाचा, घर जर्मनाचं," ती म्हणाली, "पण लाख आपली आहे, चारू. ती माझ्या आधी इथे आली."

मी काहीतरी टोमणा मारला असणार. पण तिचा चेहरा मला आठवतो. आमच्या घरातलं सगळं फर्निचर खोक्यातून आलेलं, मी स्क्रू पिळून उभं केलेलं. घर बदललं की ते मोडतं, मग नवीन खोकी येतात. या देशात आपल्या आधीपासून असलेली आणि आपल्या ओळखीची अशी एक वस्तू तिला सापडली होती. ते कपाट तिला हवं होतं असं ती तेव्हा म्हणाली नाही. हवं होतं, हे मात्र मला कळलं होतं.

आता खाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिल्या दिवाळीला बाई आमच्याकडे जेवायला आल्या. अरुंधतीचा केशराचा शिरा त्यांना फार आवडला. दुसऱ्यांदा वाढायला गेली तेव्हा त्या "नाइन, डांके", म्हणजे नको, धन्यवाद, म्हणाल्या. अरुंधतीने वाढला. पुन्हा "नाइन, डांके." पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा बाईंनी वाटीवर हात पालथा ठेवला आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "अरुंधती, मी नाही म्हणते तेव्हा नाही असतं."

अरुंधती कानकोंडी झाली. पण शिकली. तेव्हापासून ती कुठल्याही जर्मन माणसाला दुसऱ्यांदा विचारत नाही. एकदा नाही म्हणाला की भांडं झाकलं. मी म्हणायचो, सांगलीची आग्रहाची परंपरा तू बुडवलीस. ती म्हणायची, पुण्याच्या माणसाने आग्रहाबद्दल बोलू नये.

दुसऱ्याचा नकार तिने असा जर्मन करून घेतला. स्वतःचा मात्र मराठीच राहिला, आणि हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढे एका वर्षी हिवाळ्याच्या शेवटी बाई अंघोळीच्या खोलीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांनी स्वतःच ठरवलं की आता एकटं राहायचं नाही. जवळच्याच एका फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते तिथे, त्यांना खोली मिळाली. यॉर्ग सामान आवरायला आला. एका रविवारी बाईंनी आम्हा दोघांना कॉफीला बोलावलं. आम्ही कपाटासमोरच्या सोफ्यावर बसलो. बापूसाहेब नेहमीसारखे पुलाच्या टोकाला होते.

"खोली लहान आहे," बाई म्हणाल्या. "यॉर्गकडे सगळं पांढरं फर्निचर आहे, त्याला हे नकोय." यॉर्गने ओशाळून मान हलवली. मग त्या अरुंधतीकडे वळल्या. "आल्झो, तर मग. माझी इच्छा आहे की हे कपाट तुमच्याकडे असावं."

अरुंधतीचे कान लाल झाले. तिने कपाटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाइन, नाइन, फ्राउ ब्रेमर! एवढी मोठी वस्तू, नको, असं कसं!"

आणि मी, शहाणा, तिच्या मदतीला धावलो. "नाही नाही, घरातली वस्तू आहे, घराण्यातच राहू दे."

कुठल्याही मराठी माणसाला विचारा, यात आम्ही काय चुकलो. एवढं मोठं काही कुणी देऊ केलं तर पहिल्या फटक्यात हात पुढे करायचा नसतो. आपण नको म्हणायचं. समोरच्याने "अहो, घ्या हो" म्हणायचं. आपण पुन्हा नको. मग समोरचा चिडतो, शपथ घालतो, "आता नाही घेतलंत तर बोलणार नाही" म्हणतो, आणि आपण खाली मान घालून घेतो. पुण्यातसुद्धा, जिथे आग्रह रेशनवर मिळतो, तिथेही नको दोनदा तरी म्हणतातच. हा सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत उरकतो. आम्ही पहिला भाग पार पाडला होता आणि दुसऱ्याची वाट बघत बसलो होतो.

बाईंनी एकदा यॉर्गकडे पाहिलं.

"गुट, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "समजू शकते मी."

त्यांनी कपाचा कान आपल्याकडे वळवून घेतला. यॉर्गने फोनवर काहीतरी टिपलं. बोलणं सामानाच्या गाडीवर गेलं, ती कुठे उभी करायची, शेजाऱ्यांना सांगायला हवं का, असलं. अरुंधती हसऱ्या चेहऱ्याने बसली होती आणि तिचा हात बशीवर तसाच होता.

"परत विचारतील," जिन्यात ती म्हणाली. वर येऊन तिने पॅसेजमधला चपलांचा स्टँड हलवला. तिथे हीटर नव्हता. लाखेला हीटरची कोरडी हवा सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. दोन दिवस ती जागा रिकामी राहिली, आणि चपला दाराशी अस्ताव्यस्त पडून होत्या. शेवटी ओवीने विचारलं, स्टँड कुठे गेला? अरुंधतीने सांगितलं की तिथे खालचं कपाट येईल कदाचित. अकरा वर्षांची आमची मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये.

"पण तू तर नाही म्हणालीस ना?" ती जर्मनमध्ये म्हणाली. "बाबा सांगत होते."

"तसं नाही गं ते," अरुंधती म्हणाली.

ओवीने खांदे उडवले. तिच्या जगात ते तसंच होतं.

"मग तू खाली जाऊन सांग ना," मी म्हटलं. "सांग, की आम्हाला हवंय."

"आपण होऊन मागू?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कपाट चोरायला सांगतोय. "म्हातारी बाई घर सोडून चाललीय आणि मी जाऊन म्हणू, तुमचं कपाट द्या? शोभेल का ते? तूच सांग."

शोभलं नसतं. मलाही तसंच वाटलं, म्हणून मीही गेलो नाही. आपल्याकडे मागणाऱ्याला जीभ नसते आणि नको म्हणणाऱ्याला दहा असतात.

एका कामाच्या दिवशी पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं लिलावघराकडून आली. आम्ही दोघंही त्या दिवशी घरून काम करत होतो. अरुंधतीने खिडकीतून पाहिलं, लॅपटॉप तसाच सोडला आणि खाली गेली. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिने त्या माणसांना सांगितलं की डावं दार सैल आहे, फडक्याने बांधून घ्या, आणि आडवं करू नका. त्यांनी तिचं ऐकलं. बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांना वाटलं असणार, किती नीट निरोप देतेय, जणू सुटका झाल्यासारखी. कपाट गाडीत चढलं. अरुंधती वर आली, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला आणि त्याच्या आवाजात रडली.

"तोंड शिवलं होतं का आपलं?" मी म्हटलं. मला रडणं बघवत नाही, मग मी चिडतो.

"तुझंही शिवलंच होतं," ती म्हणाली. खरंच होतं.

बाई नव्या खोलीत गेल्या तरी शनिवार चालूच राहिले. पण आधीसारखे नाहीत. अरुंधती म्हणायची, त्या हल्ली माझे फार आभार मानतात. आल्याबद्दल धन्यवाद, फुलांबद्दल धन्यवाद, तुम्हाला उगीच त्रास. पूर्वी असं बोलत नव्हत्या.

उन्हाळ्यात एकदा मी बरोबर गेलो. खोलीत पलंग, खुर्ची, दिवा, आणि खिडकीच्या कठड्यावर तो शेळीच्या केसांचा ब्रश. झटकायला काहीच नाही, पण ब्रश जपून ठेवलेला. अरुंधती फुलदाणी शोधायला बाहेर गेली आणि माझ्याच्याने राहवेना. मी बोलून टाकलं. आमच्यात पहिला नकार धरत नाहीत, ती फक्त रीत असते, तिला ते कपाट हवं होतं.

बाईंनी चष्मा काढला.

"हवं होतं?"

"फार."

"मला वाटलं, तिला ते जुनाट ओझं वाटतंय," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, एवढे दिवस ती फक्त माझ्यावर दया म्हणून येत होती. एका म्हातारीची धूळ झटकायला. त्या गोष्टी, बापूसाप, सगळं दया म्हणून."

"मग पुन्हा का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"कारण ती नाही म्हणाली. तिच्या नाहीचा मी मान राखला." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा विचारलं की पुरे."

"तीन," त्या म्हणाल्या, उत्तर तपासून पाहिल्यासारखं. "हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

बाहेर अरुंधतीच्या चपलांचा आवाज आला. बाईंनी माझा हात धरला. "मला किती लागलं होतं ते तिला सांगू नका. तिला सोसणार नाही." मी वचन दिलं. नंतर त्यांनी यॉर्गकरवी चौकशी केली. कपाट विकलं गेलं होतं, इंग्लंडच्या कुणीतरी घेतलं होतं. म्हणजे ते तेवढं आपल्या घरी परत गेलं. आमचं सगळ्यांचं अजून ठरायचं आहे.

त्यानंतरचे शनिवार चांगले गेले, असं अरुंधती सांगायची. बाई पुन्हा चेष्टा करायला लागल्या, बापूसाहेबांची चौकशी करायला लागल्या, इंग्लंडात त्यांना छत्रीचा उपयोग होत असेल म्हणायच्या. का बदलल्या ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी वचनाला चिकटून होतो.

दसऱ्याच्या सुमारास बाई खूपच थकल्या. जेवण सुटत चाललं होतं. अरुंधतीने केशराचा शिरा केला, तूप सढळ हाताने, मऊ, न चावता गिळता येईल असा. डबा घेऊन एकटीच गेली आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत आली. डबा ओट्यावर ठेवला. मी उघडून पाहिला तर भरलेलाच.

"का गं?"

"नको म्हणाल्या."

"एकदाच?"

"एकदाच. त्यांचं नाही म्हणजे नाही असतं, विसरलास का?" ती हात धूत होती. "पण छान हसत होत्या. नाइन, डांके म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी डबा बंद केला तरी डब्याकडेच बघत होत्या. वासानेसुद्धा नको होत असेल, म्हणून मी तो पटकन पिशवीत टाकला."

मी चमच्याने शिरा तोंडात घातला होता. मी चमचा खाली ठेवला. बाईंनी आमची रीत उचलली होती. अख्ख्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी मनात हो असताना नाही म्हटलं होतं, आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत बसल्या होत्या.

"उद्या पुन्हा घेऊन जा," मी म्हटलं. "आग्रह कर."

"मरणाच्या दारातल्या बाईला आग्रह? काहीतरीच तुझं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी वचनाचा विचार करत बसलो, शनिवारी आपणच बरोबर जाऊ असं ठरवलं. तो शनिवार आला नाही. यॉर्गचा फोन आधी आला.

दफन झाल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे जवळच्या कॅफेत कॉफी-केकला गेलो. माणसं थोडीच होती. यॉर्ग आमच्या टेबलाशी आला, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. रुमाल उघडला. तो ब्रश होता.

"हा तुम्ही घ्यावा, अशी मावशीची इच्छा होती," तो अरुंधतीला म्हणाला.

"नाइन, नाइन," अरुंधती म्हणाली. डोळे भरले होते, तोंडातून सवयीचं तेच निघालं. "त्यांची आठवण आहे, तुमच्याकडेच राहू दे."

यॉर्ग हलला नाही. जरा घुटमळला. "घ्या ना, प्लीज," तो म्हणाला.

"नको, खरंच."

त्याचा चेहरा लाल झाला. पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही हा ब्रश घ्याल का? हे तिसऱ्यांदा. माफ करा, पण मावशीने मला बजावलं होतं. तीनदा विचारायचं, त्याआधी ब्रश परत न्यायचा नाही."

अरुंधतीने ब्रश घेतला. तळहातावर ठेवला, अंगठ्याने त्याचे केस सरळ केले, वरून खाली. मग माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना हे कुणी सांगितलं?"

"मी."

"कधी?"

"उन्हाळ्यात. तू फुलदाणी आणायला गेली होतीस."

तिने ब्रश पुन्हा रुमालात गुंडाळला.

"म्हणजे शिऱ्याच्या आधी," ती म्हणाली.

मी मान हलवली. यॉर्गने केकची ताटली आमच्यापुढे धरली आणि घेणार का विचारलं. आम्हाला दोघांनाही ना हो म्हणता आलं, ना नाही.